आईंचं व्यासपीठ आणि नववा भाग

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात आमच्या घरात शिरलं, तेव्हा आम्ही आधी आईंना वर नेलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. मग देव, औषधं, कागदपत्रं, गॅसची शेगडी. पुस्तकांची आठवण झाली तोवर जिन्याच्या पाच पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या. पाणी उतरल्यावर खाली आलो तर लाकडी कपाटाचं दार उघडेना. आतली पुस्तकं पाणी पिऊन फुगली होती आणि एकमेकांत घट्ट बसली होती. मुलानं पहार घालून दार फोडलं. त्यात माझे ‘आउटलँडर’ या इंग्रजी कादंबऱ्यांच्या मालिकेचे आठही भाग होते. एक हातात घेतला, तर भिजलेल्या विटेसारखा जड. कोपऱ्यातून एक पान सोलायला गेले तर त्याचे पापुद्रे निघाले, ओळी मधूनच तुटल्या. आठही भाग घमेल्यात भरून रस्त्यावरच्या ढिगावर टाकले.

त्यानंतर चार महिन्यांनी, २३ नोव्हेंबर २०२१ला, नववा भाग प्रसिद्ध झाला.

त्या नवव्या भागाबद्दल मला लिहायचं आहे. तो वाचायला मला सत्तर रात्री लागल्या.

पहिला भाग मी १९९९ साली पुण्यात घेतला होता. मी नर्स. एका ट्रेनिंगला गेले होते आणि रस्त्यावर जुन्या पुस्तकांचा ढीग होता. मागच्या कव्हरवर ‘नर्स’ हा शब्द दिसला म्हणून पुस्तक उचललं. इंग्रजी वाचायची फारशी सवय नव्हती, शब्दकोश जवळ घेऊन बसायची. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलंय, युद्धात नर्स असलेली क्लेअर नवऱ्याबरोबर स्कॉटलंडमध्ये इन्व्हर्नेसला आलीय. तिथं टेकडीवर गोल मांडलेल्या उभ्या दगडांपैकी एकाला तिचा हात लागतो आणि ती थेट १७४३ सालात जाऊन पडते. तिथल्या एका इंग्रज कॅप्टनच्या तावडीतून वाचायचं तर तिला कुणा स्कॉटिश माणसाशी लग्न करावं लागणार असतं. तो माणूस जेमी फ्रेझर. आधी लग्न, मग ओळख, मग प्रेम. हा क्रम आपल्याकडच्या बायकांना काही वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

डायना गॅबाल्डन यांचा हा पहिला भाग १९९१चा. मी तो घेतला तेव्हा चार भाग निघालेले होते. पुढचे २००१, २००५, २००९ आणि २०१४ साली आले. म्हणजे माझी मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा पाचवा, ती कॉलेजात गेली तेव्हा आठवा. इतकी वर्षं एका गोष्टीत राहिलं की तिचा हिशेब आपल्या घरातल्या गोष्टींशी जुळत जातो. दुसरा भाग मी बाळंतपणाच्या रजेत वाचला. त्यात क्लेअरची पहिली मुलगी पॅरिसमध्ये मृत जन्मते. ते पान वाचून मी पाळण्यात झोपलेल्या मुलाच्या छातीवर हात ठेवून बसले होते, ते मला अजून आठवतं.

आठव्यानंतर सात वर्षं काही आलं नाही. मधे कोविड आला. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. त्या दोन वर्षांबद्दल इथं फार लिहीत नाही. एवढंच सांगते की त्यात माझं वाचन गेलं. डोळे ओळीवरून फिरायचे, पान उलटायची, पण मनात काही उतरायचं नाही. वर्तमानपत्रातली चार परिच्छेदांची बातमीसुद्धा पुरी होत नव्हती. मग पूर आला आणि पुस्तकंही गेली. मुलीनं नववा भाग पाठवला तो मी खोक्यासकट लोखंडी कपाटात सगळ्यात वर ठेवून दिला.

मे २०२२च्या शेवटी मी निवृत्त झाले. श्रावण लागल्यावर एका रात्री खोकं उघडलं. ‘गो टेल द बीज दॅट आय ॲम गॉन’. नऊशेहून जास्त पानं. अंगठ्याच्या सांध्याचं माझं दुखणं जुनं आहे, आडवं पडून ते पुस्तक हातात धरणं शक्यच नव्हतं. मांडीवर उशी घेतली, तर मान दुखायला लागली. आई समोरच्या कॉटवरून बघत होत्या.

“माझं व्यासपीठ घे की,” त्या म्हणाल्या.

व्यासपीठ म्हणजे ज्ञानेश्वरी ठेवायचं घडीचं लाकडी स्टँड. रोज सकाळी आंघोळ झाली की त्या त्यावर पोथी उघडतात. मला धीर होईना.

“अहो आई, पोथीचं आहे ते.”

“लाकूड आहे गं ते. पोथी उचलून ठिवली की दिवसभर रिकामंच असतंय.”

ते पुरातून वाचलेलं व्यासपीठ आहे. दोन दिवस चिखलात होतं. आईंनी स्वतः घासून धुतलं, सावलीत वाळवलं. पण दोन फळ्या जिथं एकमेकींत अडकतात त्या सांध्यात तांबूस मातीची एक बारीक रेघ अजून आहे. ब्रशनंही ती निघाली नाही. मी पुस्तक त्यावर ठेवलं तेव्हा नजर आधी त्या रेघेवर गेली.

पहिल्या रात्री चार पानं. दुसऱ्या रात्री तीच चार पानं पुन्हा, कारण काहीच लक्षात राहिलं नव्हतं. आठ भाग मागे गेलेले आणि चाळून बघायला जवळ एकही नाही. मग जुन्या ड्यूटी रजिस्टरची कोरी पानं काढून त्यावर वंशावळ मांडली. वरती जेमी आणि क्लेअर. खाली मुलगी ब्रियाना, तिचा नवरा रॉजर, त्यांची मुलं जेम आणि मँडी. शेजारी दत्तक मुलगा फर्गस, त्याची बायको मार्साली, त्यांची पोरं. जेमीची बहीण जेनी, तिचा मुलगा इयन. आणि बाजूला तुटक रेघेनं जोडलेला विल्यम. जेमीचा मुलगा, पण इंग्रज उमराव म्हणून दुसऱ्यानं वाढवलेला. हे सगळं आठवायला तीन रात्री गेल्या. पण त्या तीन रात्रींत माझ्या लक्षात आलं की आठ भाग चिखलात गेले तरी माझ्यातून गेलेले नाहीत. कोण कशात मेलं, कुणाचा कान कापला गेला, कुठलं घर कधी जळलं, सगळं एकेक करून वर येत गेलं.

आई हे बघत होत्या. चौथ्या रात्री त्यांनी विचारलं, “काय एवढं लिवतीस? कुणाची सोयरीक हाय?”

तेव्हापासून मी त्यांना सांगायला लागले. रोज बारा-पंधरा पानं वाचायची, दिवा मालवायचा आणि अंधारात त्या पानांत काय घडलं ते मराठीत सांगायचं. माझं वाचन परत आलं ते या सांगण्यामुळे, असं माझं ठाम मत आहे. दुसऱ्याला सांगायचं असलं की पान नुसतं उलटून चालत नाही. कोण कुठं उभं होतं, काय बोललं, ते धरून ठेवावं लागतं. आईंना ढोबळ सांगितलेलं चालत नाही. “मग ती म्हणाली” एवढ्यावर त्या थांबत नाहीत. “कशी म्हणाली? रागानं का?”

एका रात्री त्यांनी विचारलं, तो तिला हाक काय मारतो? मी म्हटलं, ‘सॅसेनाख’. गेलिक भाषेतला शब्द आहे. परकी, इंग्रज. त्यांच्या मुलखात तो तुच्छतेनं म्हणतात. जेमी पहिल्या भागात तसाच म्हणायला लागतो, पण त्याच्या तोंडी त्याचा अर्थ बदलत जातो. पुढं त्या एका हाकेत सगळं असतं.

आई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “हे मला घाटावरची म्हणायचे.”

आईंचं माहेर कराडकडचं. कुंभार्ली घाट उतरून त्या या घरात आल्या. भाकरी थापायच्या, इथं तांदूळ. बोलायच्या त्याला सगळे हसायचे. सासरे गेले त्याला आता वीस वर्षं झाली. ते हाक मारायचे ती मीही ऐकली आहे, पण मला वाटायचं ती थट्टा आहे. त्या रात्रीनंतर मी मराठीत सांगताना जेमीच्या तोंडी ‘घाटावरची’ घालायला लागले. याहून चांगलं भाषांतर मला सुचलेलं नाही आणि सुचणारही नाही.

आता पुस्तकाबद्दल. नवव्या भागात १७७९ साल आहे. जागा अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात, फ्रेझर्स रिज. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध सुरू आहे आणि ते रिजच्या जवळ येतंय. जेमी अठ्ठावन्न वर्षांचा आहे आणि क्लेअर साठीची. मीही तेव्हा अठ्ठावन्नचीच. प्रेमकथेतली माणसं सहसा पंचविशीत थांबतात, लग्न झालं की पुस्तक मिटतं. इथं मी त्यांच्याबरोबर म्हातारी होत गेले. त्याला वाचायला चष्मा लागतो. थंडीत त्याची जुनी दुखणी वर येतात आणि तिला ती न विचारता कळतात, कारण त्याच्या अंगावरच्या कितीतरी जखमा तिनंच शिवल्यात. तो झोपला आहे आणि ती त्याच्याकडे बघते आहे असे प्रसंग मी दोनदा दोनदा वाचले. अशा पानांवर मी सांगताना थांबायची. आईंच्या ते लक्षात आलं.

“इथं कायतरी गाळलंस.”

मी म्हटलं, ते दोघं जवळ आले.

“नवरा-बायकोच हैत नव्हं? मग सांग की तसं.”

या मालिकेवर नेहमी एक तक्रार ऐकू येते, की पानंच्या पानं काही घडत नाही. नवव्या भागाबद्दल तर फारच. साबण करतात, मांस खारवतात, कुणाच्या तरी दातावर उपचार होतात, पोरांच्या उवा काढतात. मला ती तक्रार मुळीच पटत नाही. तेच या पुस्तकाचं खरं अंग आहे. जेमीचं पहिलं मोठं घर सहाव्या भागात जळतं. नवव्यात तो नवं बांधतो आहे. एकेक मजला, एकेक खिडकी. आमच्याकडेही त्याच दिवसांत खालच्या खोलीचं प्लास्टर पुन्हा करणं चाललं होतं. भिंतीत ओल इतकी मुरली होती की वर्षानंतरही गिलावा सुटायचा. आई दिवसा गवंड्याच्या मागे उभ्या राहून बघायच्या आणि रात्री विचारायच्या, “त्यांचं छप्पर झालं का?” एका रात्री मी सांगितलं की अजून वरचा मजला उघडाच आहे. त्या काळजीत पडल्या. “पावसाच्या आत घ्यायला पायजे.”

नर्स म्हणून मला क्लेअरचं काम मोलाचं वाटतं. इथरनं भूल देऊन केलेली शस्त्रक्रिया जगानं उघडपणे पाहिली १८४६ साली बोस्टनमध्ये. सर्जन लिस्टरनं जंतू मारायला कार्बोलिक ॲसिडनं जखमा धुण्याबद्दल लिहिलं ते १८६७. पेनिसिलीन फ्लेमिंगला दिसलं १९२८ मध्ये. क्लेअरला हे सगळं माहीत आहे आणि ती १७७०च्या दशकात बसली आहे, जिथं सर्जन रक्तानं माखलेला हात पुसून पुढच्या माणसाकडे वळतो. ती हत्यारं उकळते, दारूनं हात धुते, पावावरच्या बुरशीतून पेनिसिलीन काढायला बघते, स्वतः इथर तयार करते. लोक तिला चेटकीण म्हणतात. मी पस्तीस वर्षं खेड्यापाड्यांत काम केलंय. नाळ कापायचं ब्लेड उकळून घ्या, एवढं सांगण्यासाठी सुईणींच्या दारात किती वेळा गेले असेन. माहीत असलेलं दुसऱ्याच्या गळी उतरवणं किती अवघड असतं, हे लिहिणाऱ्या बाईंना नीट कळलं आहे.

फॅनी नावाची एक अनाथ मुलगी त्या घरात आहे. तिच्या जिभेखालचा पडदा आखूड होता, म्हणून बोबडं बोलायची. आठव्या भागात क्लेअर तो कापते. मी आईंना जीभ वर करून दाखवलं, इथं असतो तो. आईंना त्या पोरीचा इतका लळा लागला की काही वेळा बाकीचं बाजूला ठेवून आधी तिची खबर द्यावी लागायची.

आणि मधमाश्या. पुस्तकाच्या नावातच त्या आहेत. इंग्लंड-स्कॉटलंडकडे जुनी रीत आहे की घरात कुणी गेलं, जन्मलं, लग्न झालं, तर पोळ्यांपाशी जाऊन मधमाश्यांना सांगायचं. न सांगितलं तर त्या पोळं सोडून जातात किंवा मरतात असं मानतात. क्लेअर आपल्या मधमाश्यांशी बोलते. मी हे आईंना सांगितलं त्याला आठ-पंधरा दिवस झाले असतील, तोच अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, ८ सप्टेंबर २०२२ला, इंग्लंडची राणी एलिझाबेथ वारली. मग बातमी आली की राजघराण्याच्या मधुपालानं बकिंगहॅम पॅलेसमधल्या पोळ्यांना काळ्या फिती बांधल्या, पेट्यांवर हळूच टकटक केलं आणि राणी गेल्याचं मधमाश्यांना सांगितलं. मी मोबाईल आईंच्या डोळ्यांसमोर धरला. त्यांनी तो फोटो मोठा करायला लावला.

“गोष्टीतलं न्हवं हे?”

“नाही. खरं आहे.”

त्या म्हणाल्या, त्यांचे वडील वारले तेव्हा त्यांची आई रडली नव्हती. गोठ्यात जाऊन बैलांच्या कपाळावर हात फिरवत उभी राहिली होती, पुष्कळ वेळ. काय बोलली ते कुणी ऐकलं नाही.

सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. विल्यमच्या भटकंतीत मी दमले. तो इकडून तिकडे घोडा दामटत राहतो आणि मला रिजवर परतायची घाई असायची. सव्हाना शहरातली पानंही मी भरभर उरकली. आणि एक गोष्ट जुनीच आहे. मालिकेच्या आधीच्या भागांत बलात्काराचे प्रसंग वारंवार येतात. मी दवाखान्यात अशा मुली पाहिल्या आहेत, त्यांचे कपडे पिशवीत भरून सील केले आहेत. लेखिका त्यानंतरची वर्षानुवर्षांची जखम प्रामाणिकपणे दाखवते हे मी मान्य करते, पण इतक्या वेळा त्याची गरज नव्हती. नवव्यात ते कमी आहे याचं मला बरं वाटलं.

मग आलं ते पुस्तकातलं पुस्तक. क्लेअरचा विसाव्या शतकातला पहिला नवरा फ्रँक हा इतिहासकार. त्यानं लिहिलेला एक ग्रंथ ब्रियाना विसाव्या शतकातून येताना बरोबर आणते. जेमी तो वाचतो. ज्या माणसाची बायको आता आपली बायको आहे, त्या मेलेल्या माणसाचे शब्द. त्यात किंग्ज माउंटनच्या लढाईत पडलेल्यांमध्ये एका जेम्स फ्रेझरचं नाव असतं. तो हाच जेमी का, हे कुणी सांगू शकत नाही.

मी मोबाईलवर शोधलं. ती लढाई खरी झालेली आहे, ७ ऑक्टोबर १७८०ला. तासाभरात संपली. ब्रिटिशांच्या बाजूनं लढणाऱ्यांत सेनापती फर्ग्युसन हा जवळजवळ एकटाच खरा ब्रिटिश. बाकी दोन्हीकडे अमेरिकेतलेच लोक, शेजारी शेजाऱ्यावर गोळी झाडत होते. हे वाचून मी पुस्तक मिटलं. चार रात्री उघडलं नाही. तेवीस वर्षं ज्या माणसाबरोबर काढली, तो पुढच्या दोनशे पानांत जाणार असेल तर मला ते वाचायचं नव्हतं. कोविडच्या वॉर्डात ज्यांचं मरण ठरलेलं दिसायचं त्यांच्या कॉटपाशी जाताना पाय जसे जड व्हायचे, अगदी तसंच वाटत होतं, आणि ते मी कुणाला बोलले नव्हते. आईंना मी लढाईचं काही सांगितलं नव्हतं. पण चौथ्या रात्री त्यांनी स्वतःच उठून व्यासपीठ माझ्यापुढे आणून ठेवलं.

“मरणाराय का त्यो?”

“माहीत नाही.”

“मग वाच. आपण दोघी हाय की.”

त्या रात्री मी मनात वाचलं नाही. ओळ वाचायची आणि लगेच मोठ्यानं मराठीत सांगायची, अडखळत, शब्द शोधत. लढाई अशीच पार पडली. पुढं काय झालं ते मी इथं लिहीत नाही. ज्यांना वाचायचं आहे त्यांना त्या डोंगरावर स्वतः चढू दे.

कोजागिरीच्या सुमाराला शेवटचं पान आलं. तिथं गोष्ट संपत नाही. कुणीतरी दारात येऊन मदत मागतं आणि पुस्तक थांबतं. आईंनी वाट पाहिली. मी म्हटलं, एवढंच आहे.

“म्हंजे पुढं हाय.”

“दहावा भाग यायचाय. तो शेवटचा, असं बाईंनी सांगितलंय.”

“कवा?”

मी त्यांना समजावलं की त्या बाई पहिल्यापासून शेवटापर्यंत सलग लिहीत नाहीत. जो प्रसंग डोळ्यांसमोर येईल तो आधी लिहून ठेवतात, मग तुकड्याला तुकडा जोडतात. आईंना हे लगेच कळलं. “गोधडी हाय मग. येळ लागणारच.”

हे लिहिते आहे तोवर दहावा आलेला नाही. आईंची नजर आता आणखी अधू झाली आहे, ज्ञानेश्वरीही त्या पुष्कळशी पाठच म्हणतात. पण नवव्या भागानंतर त्यांनी एक हट्ट धरला, की मधूनच ऐकलेली गोष्ट मुळापासून ऐकायची. पुस्तकं तर पुरात गेली. मुलगी म्हणाली मागवून देते. आई नको म्हणाल्या, तुला येतंय तेवढं सांग. म्हणून गेल्या आठवड्यापासून मी पहिला भाग सांगते आहे, समोर पान नसताना, रोज दिवा मालवल्यावर.

काल क्लेअर टेकडी चढून त्या दगडांपाशी पोचली. मी जरा थांबले, तिनं हात पुढं केला म्हटलं.

“थांब,” आई म्हणाल्या. “औषधाची पेटी घेतलीया का तिनं?”

“नाही, आई. या खेपेला तिला ठाऊकच नाही. पेनिसिलीन आणि सुया ती तिसऱ्या भागात पुन्हा जाताना नेते.”

“बरं. लावू दे हात.”